पंचाहत्तर तास

२०१२च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पुढच्याच महिन्यात अर्धांगाचा झटका येऊन डावा हात लुळा पडला. मी क्लीव्हलंडहून पुण्याला पोहोचले तोवर बहिणीने ब्यूरोतून एक मावशी ठेवल्या होत्या, सकाळी आठ ते रात्री आठ. पहिल्या दिवशी त्या आईला गाऊन घालत होत्या आणि मी दारात उभी राहून बघत होते. बघत होते म्हणजे खरं तर परीक्षा घेत होते. मावशींनी आधी लुळा हात बाहीत घातला, मग धड हात. संध्याकाळी कपडे बदलताना बरोबर उलट केलं. आधी धड हात मोकळा केला आणि मग लुळ्या हातावरून बाही अलगद उतरवली.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात, ताई? सासू सात वर्षं अंथरुणात होती माझी."

हाच नियम मी १९९४ साली ओहायो राज्यातल्या एका वर्गात शिकले होते. घालताना दुबळी बाजू आधी, काढताना दुबळी बाजू शेवटी. त्यावर परीक्षा दिली होती, आणि ती पास झाले म्हणून राज्य सरकारच्या नोंदवहीत माझं नाव चढलं होतं. तिथे या कामाला सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणतात, बोलताना नुसतं सी.एन.ए. अभ्यासक्रम पंचाहत्तर तासांचा. मावशींना जे सासूने शिकवलं ते मला सरकारने शिकवलं, याचं त्या दिवशी थोडं हसू आलं. पण सरकारला ते शिकवावंसं का वाटलं, केव्हा वाटलं आणि पंचाहत्तरच तास का, हे प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिले. पुढे क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या सरकारी दस्तऐवजांच्या विभागात बसून जे वाचलं, ते इथे मांडते आहे.

आधी एका शब्दाचा घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरच्या नावाची पाटी असलेला दहा-वीस खाटांचा खासगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो, बाळंतपण नाहीतर अपेंडिक्स. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशी, बहुतांशी वृद्ध, माणसं तिथे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहतात. मी त्याला शुश्रूषागृह म्हणेन. आणि तिथे अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, भांडं देणं, स्वच्छ करणं ही कामं ज्या करतात त्यांना मदतनीस.

ही गृहं तिथेही फार जुनी नाहीत. गरीब म्हाताऱ्यांसाठी पूर्वी गावोगावची सरकारी अनाथगृहं होती, आणि त्यांची कीर्ती वाईट होती. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना मदत देऊ केली, पण अशा सरकारी संस्थेत राहणाऱ्याला ती मिळणार नाही अशी अट घातली. उद्देश चांगला होता, अनाथगृहं ओस पडावीत असा. झालं असं की म्हातारी माणसं ते पैसे घेऊन खासगी घरांमध्ये खोली घेऊन राहू लागली. घरमालकीण जेवायला घाली, आजारपणात बघे. पुष्कळशा शुश्रूषागृहांचं मूळ या घरांत आहे. तिथे 'प्रशिक्षण' या शब्दाला जागाच नव्हती. बाई म्हणजे ती सेवा करणारच, हे गृहीत होतं.

मदतनीसांना शिकवण्याचा पहिला मोठा उद्योग झाला तो रुग्णालयांसाठी आणि युद्धामुळे. १९४१ साली नागरी संरक्षण कार्यालय आणि रेड क्रॉस यांनी मिळून स्वयंसेवी मदतनीसांचं दल उभारलं. पगारी परिचारिका सैन्यात जाणार, तेव्हा घरच्या बायकांनी रुग्णालयं सांभाळावीत ही कल्पना. निळा झगा, पांढरा ब्लाऊज. युद्ध संपेपर्यंत सुमारे दोन लाख बायका शिकून तयार झाल्या. त्यांचा अभ्यासक्रम ऐंशी तासांचा होता. हा आकडा वाचला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. रुग्णालयात, परिचारिकांच्या देखरेखीखाली, विनावेतन काम करणाऱ्या सुखवस्तू बायकांना १९४१ साली ऐंशी तास शिकवणं आवश्यक वाटलं होतं. पोटासाठी तेच काम करणाऱ्या बाईला किमान किती शिकवायचं, हे ठरवायला त्या देशाच्या संसदेला त्यानंतर शेहेचाळीस वर्षं लागली आणि आकडा आला पाच तासांनी कमी.

मधल्या काळात पैसा आला. १९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना सुरू झाल्या आणि शुश्रूषागृहांना सरकारी तिजोरीतून पैसे मिळू लागले. घरमालकिणी मागे पडल्या, कंपन्या आल्या. इमारतीला नियम लागले, कागदपत्रांना लागले, माणसांना मात्र फारसे लागले नाहीत. जानेवारी १९७० मध्ये ओहायोतल्याच मारिएटा गावी हार्मर हाऊस या गृहाला आग लागली आणि तीसहून अधिक रहिवासी मेले. बहुतेक जण भाजून नव्हे, धुराने गुदमरून. धूर गालिच्याचा होता. सिनेटच्या ज्या उपसमितीने या आगीवर सुनावण्या घेतल्या, तिचे अध्यक्ष होते युटाचे सिनेटर फ्रँक मॉस. त्यांच्या समितीने पुढची चार-पाच वर्षं या धंद्याची कसून चौकशी केली. १९७४मध्ये तिचे अहवाल येऊ लागले. शुश्रूषागृहातली ८० ते ९० टक्के प्रत्यक्ष काळजी अप्रशिक्षित मदतनीस घेतात, त्यांना कायद्याने ठरलेलं किमान वेतन किंवा त्याच्या आसपास मिळतं, आणि वर्षभरात शंभरातल्या पंचाहत्तर जणी काम सोडून जातात, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. १९७५च्या एका पुरवणी अहवालाचं तर नावच परिचारिकांवरच्या 'जड ओझ्या'विषयी आहे आणि उपशीर्षक अप्रशिक्षित, अपरवानाधारक माणसांवर विसंबण्याविषयी. म्हणजे दुखणं कुठे आहे ते तेव्हाच कळलं होतं. कायदा व्हायला मात्र आणखी बारा वर्षं जायची होती.

या बारा वर्षांत दोन-तीन गोष्टी घडल्या, त्यातली एक कोलोरॅडोच्या न्यायालयात. १९७५ साली शुश्रूषागृहातल्या काही रहिवाशांनी सरकारवर खटला भरला. त्यांचं म्हणणं साधं होतं: तुमचे निरीक्षक येतात ते गृहाकडे काळजी घेण्याची सोय आहे का एवढं तपासतात, आम्हाला ती काळजी खरोखर मिळते का, हे कोण बघणार? खालच्या न्यायालयात ते हरले. १९८४ साली वरच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी नऊ वर्षं खटला चालवावा, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी गोष्ट माझ्या क्लीव्हलंडच्या जवळची. सिडनी कॅट्झ हे तिथले डॉक्टर. बेंजामिन रोझ रुग्णालयात खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने निरीक्षण केलं आणि १९६३मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं, अशा सहा गोष्टी. यातल्या किती गोष्टी माणूस स्वतः करू शकतो यावरून त्याला किती मदत लागेल ते ठरवायचं. त्यांच्या असंही लक्षात आलं की बरं होत असताना या क्षमता ज्या क्रमाने परत येतात, तो लहान मूल त्या ज्या क्रमाने शिकतं त्याच्याशी जुळतो. आज जगभर ही सहा कामं वृद्धसेवेची बाराखडी झाली आहेत. डॉक्टरांच्या मोजपट्टीत ही सहाच्या सहा कामं आली, पण ती कामं करायला जी बाई लागते तिची मोजपट्टी अजून व्हायची होती.

१९८२मध्ये रेगन सरकारने शुश्रूषागृहांवरचे नियम सैल करायचं ठरवलं. ओरड झाली, आणि काँग्रेसच्या दबावाखाली हा प्रश्न इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेकडे अभ्यासाला दिला गेला. त्या समितीचे अध्यक्ष हेच कॅट्झ. याच सुमारास रहिवाशांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेने एक करू नये इतकी सोपी गोष्ट केली. तिने शुश्रूषागृहात राहणाऱ्या चारशेहून अधिक माणसांना एकत्र बसवून विचारलं, की चांगली काळजी म्हणजे काय? १९८५ साली उत्तरं छापली गेली. सगळ्यात वरचं उत्तर इमारत, औषधं किंवा जेवण हे नव्हतं. ते होतं आमच्याजवळ येणारी माणसं: ती कशी वागतात, बोलतात, त्यांना काम येतं का, ती पुरेशी आहेत का. तज्ज्ञांच्या समितीने हे मनावर घेतलं असावं. १९८६च्या तिच्या अहवालात शिफारस होती ती अशी की मदतनीसाने कामावर रुजू होण्याआधीच सरकारमान्य अभ्यासक्रम पूर्ण करावा, तोही कम्युनिटी कॉलेजसारख्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत.

२२ डिसेंबर १९८७ रोजी रेगन यांनी ज्या विधेयकावर सही केली ते अर्थसंकल्पाचं होतं, आणि शुश्रूषागृहांची सुधारणा त्याच्या पोटात होती. शिफारस आणि कायदा यांच्यामध्ये काय झिजलं ते तपासण्यासारखं आहे. 'रुजू होण्याआधी'चं 'रुजू झाल्यापासून चार महिन्यांत' झालं. शिक्षणसंस्थेची अट गेली. गृहाने स्वतःच शिकवलं तरी चालेल असं ठरलं. तासांचा किमान आकडा पंचाहत्तर. कायद्यात त्या आकड्याचं कारण दिलेलं नाही. पुढे वर्षाला बारा तासांची उजळणी, आणि प्रत्येक राज्याने ठेवायची नोंदवही.

असं असलं तरी मी या कायद्याला नावं ठेवणार नाही. पंचाहत्तरपैकी पहिले सोळा तास रहिवाशाला हात लावण्याआधीच शिकवले पाहिजेत असं त्याच्या नियमांत आहे, आणि त्या सोळा तासांत काय शिकवायचं तेही. सगळ्यात पहिला विषय संवादाचा. मग जंतुसंसर्ग टाळणं, घशात घास अडकला तर काय करायचं, रहिवाशाला जे स्वतः करता येतं ते त्याला करू देणं आणि त्याच्या हक्कांचा मान राखणं. त्याच कायद्याने रहिवाशाला सोयीसाठी खाटेला किंवा खुर्चीला बांधून ठेवायला मनाई केली. तोवर हा राजरोस प्रकार होता. मदतनीस एखाद्या गृहात नोकरीला असेल तर त्या गृहाने तिच्याकडून प्रशिक्षणाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि लेखी परीक्षा झेपत नसेल तर तोंडी देता येईल, हेही लिहिलेलं आहे. हे कुणीतरी या बायकांना ओळखून लिहिलं आहे असं वाटतं.

आमच्या वर्गात चौदा जणी होतो. शहराच्या पूर्व भागातल्या कृष्णवर्णीय बायका सात-आठ, दोन युक्रेनच्या, एक फिलिपिनो आणि बी.ए. मराठी झालेली मी. शिकवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला एकमेकींना दही भरवायला लावलं, डोळे बांधून. भरवणारी किती घाई करते ते भरवून घेताना कळतं. परीक्षेच्या दिवशी हात धुणं सगळ्यांनाच होतं, बाकीची कामं चिठ्ठीने ठरायची. मला कपडे बदलणं आलं, आणि कवळी घासणं. सगळं झाल्यावर खाट खाली घेतली नाही किंवा बोलावण्याची घंटी हाताशी ठेवली नाही तर नापास. मी घंटी विसरले होते. दारापर्यंत जाऊन आठवली आणि परत आले. अजूनही पुण्यात आईच्या खोलीतून बाहेर पडताना माझा हात नकळत तिच्या उशाशी जाई. तिथे घंटी नव्हती, स्टीलची वाटी आणि चमचा होता.

नोकरी लागली तेव्हा कळलं की आपण शिकलो ते खरं आहे, पण त्याला वेळ नाही. माझ्याकडे दिवसपाळीला बारा जण असत. आठ तासांतून जेवणाची सुट्टी वजा केली की साडेचारशे मिनिटं. एकेकाला साडेसदतीस मिनिटं, आणि त्यात उठवणं, अंघोळ, कपडे, दोन वेळचं जेवण, तीन-चार वेळा शौचाला नेणं आणि हे सगळं केल्याची नोंद. स्वतःला जेवता येतं त्याला जेवू द्यावं, हे पुस्तकात होतं. कापऱ्या हाताने जेवणाऱ्या माणसाला पाऊण तास लागतो. मी भरवलं तर बारा मिनिटं. मी भरवत असे. समाजशास्त्रज्ञ टिमथी डायमंड यांनी स्वतः हा अभ्यासक्रम करून शिकागोच्या शुश्रूषागृहांत मदतनीसाचं काम केलं आणि १९९२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात हेच आहे, की नोंद होते ती कामाची. कामात जे बोलणं, थांबणं, समजूत घालणं असतं त्याला रकाना नाही. ते पुस्तक मी नोकरी सोडल्यावर वाचलं, हे बरं झालं.

नोंदवहीची एक बाजू अजून सांगायची राहिली. ती फक्त पास झालेल्यांची यादी नाही. छळ, हेळसांड किंवा चोरीचा ठपका सिद्ध झाला तर तोही त्याच नावापुढे चढतो, आणि मग देशातलं कुठलंही शुश्रूषागृह त्या बाईला कामावर घेऊ शकत नाही. रहिवाशाच्या दृष्टीने हे हवंच होतं. पण मी जिथे काम करत होते तिथे एका रात्री एक आजोबा पडले आणि पहाटेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या पाळीला दोघींऐवजी एकच मदतनीस होती, कारण दुसरीच्या जागी माणूस दिलंच नव्हतं. ठपका तिच्या नावावर आला. कमी माणसं देणाऱ्याच्या नावाची नोंदवही तिथे नव्हती. १९९७ साली काँग्रेसने थोडी सूट दिली: हेळसांडीचा एकच प्रसंग असेल तर वर्षभराने नाव काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. तिने केला का, ते मला कळलं नाही. ती तोवर एका सुपरमार्केटात लागली होती.

पुढचा इतिहास आकड्यांच्या रस्सीखेचीचा आहे. निम्म्याहून अधिक राज्यांनी पंचाहत्तरच्या वर तास नेले. ओहायो पंचाहत्तरवरच आहे. कॅलिफोर्नियात मदतनीसाला एकशे साठ तास लागतात, आणि नखं रंगवण्याचा परवाना हवा असेल तर चारशे. २००८ साली त्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने किमान एकशे वीस तास करा असं सुचवलं. कायदा हलला नाही. हलला तो उलट्या दिशेने: मार्च २०२०मध्ये करोनाची साथ शुश्रूषागृहांमधून वणव्यासारखी पसरत असताना केंद्राने चार महिन्यांची अट स्थगित केली, आणि गृहचालकांच्या संघटनेने 'तात्पुरत्या मदतनीसां'साठी आठ तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, हे मी मान्य करते. २०२४मध्ये केंद्राने प्रथमच वेळेचं माप ठरवलं: दर रहिवाशामागे दिवसाला मदतनीसाचे किमान २.४५ तास, म्हणजे दोन तास पंचेचाळीस नव्हे, सत्तावीस मिनिटं. (दशांशाचा हा गोंधळ माझाच आधी झाला होता.) एप्रिल २०२५मध्ये टेक्ससच्या न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदनाचं काम सुरू केलं आणि पुढे विधवा व गरजू बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा पांढरपेशा समाजाला ते रुचलं नाही. परक्या पुरुषाला हात लावायचा, कुणाचंही मलमूत्र काढायचं, हे 'आपल्या' बायकांचं काम नव्हे, अशी भावना होती. शंभर वर्षांत परिचारिकेला मान मिळाला, १९४७च्या कायद्याने तिला परिषद मिळाली, नोंदणी मिळाली. पण तो मान मिळता मिळता मलमूत्राचं काम हळूच खाली सरकवलं गेलं: आयाबाईकडे, वॉर्डबॉयकडे, सफाई कामगाराकडे. त्या उतरंडीला जातीचा वास आहे, आणि तो पुण्यातल्या घरांत अजून येतो. ब्यूरोला फोन करताना आता कुणी जात विचारत नाही, "स्वयंपाकघरात जायची गरज नाही ना?" एवढंच विचारतात.

सरकारी कौशल्य योजनांमध्ये गेल्या काही वर्षांत 'जनरल ड्युटी असिस्टंट' नावाचा अभ्यासक्रम आला आहे. जून २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेच्या शेवटी, केंद्राने लाखभर लोकांना झटपट शिकवून तयार करण्याची योजना जाहीर केली. तिच्या सहा कामांतलं एक घरी जाऊन रुग्णसेवा करण्याचं होतं. मावशींनी माझं जुनं ओळखपत्र एकदा पाकिटात पाहिलं होतं. "असलं कार्ड मला मिळेल का, ताई? ब्यूरोवाला मग जास्त देईल," म्हणाल्या. आम्ही दोघी एका प्रशिक्षण केंद्रात चौकशीला गेलो. तिथल्या मुलीने शाळेचा दाखला मागितला. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि दाखला गावी, घर पडलं त्यात गेलेला. तोंडी परीक्षेची सोय आहे का, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.

आई २०१५च्या मार्चमध्ये गेली. तीन वर्षांत तिला एकदाही शय्याव्रण झालं नाही. रात्री दर दोन तासांनी मी कूस बदलत असे, दिवसा मावशी. क्लीव्हलंडला परतल्यावर पुन्हा कामावर जावं म्हणून राज्याच्या कार्यालयात फोन केला. तिकडच्या बाईंनी माझा क्रमांक विचारला आणि सांगितलं, की तुमची नोंद रद्द झाली आहे. सलग चोवीस महिने काम केलं नाही तर तसं होतं. मी म्हटलं, मी तीन वर्षं हेच काम करत होते, रोज. त्यांनी विचारलं, पगारी? मी म्हटलं, आईचं करत होते. त्या क्षणभर थांबल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, की कायद्यात पगारी असंच आहे. तुम्हाला पुन्हा परीक्षा द्यावी लागेल.

मी पुन्हा परीक्षा दिली नाही. मावशी आईचे दिवस झाल्यावर लगेच कोथरूडला दुसऱ्या एका आजींकडे लागल्या होत्या, दिवसपाळीलाच, बाराशेऐवजी एकशे बारा पायऱ्या चढून, कारण त्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि 'बाराशे' ही त्यांची नेहमीची अतिशयोक्ती.